मदत हवी आहे : गेवराईकडच्या (जि. बीड) रस्त्यावरची लोखंडी बैलजोडी कुणी पाहिलीय का?

परवाच्या रविवारी आम्ही घरची नऊ माणसं राक्षसभुवनला गोदावरीवर गेलो होतो. आंघोळी, शनीचं दर्शन, मग झाडाखाली दशम्या आणि ठेचा. पोरांना पाण्यातून बाहेर काढता काढता दुपार कलली.

परत येताना गेवराईच्या अलीकडे रस्ता चुकलो. तिथं एका बांधावर भंगारातून केलेली मोट (बैलांनी ओढून विहिरीचं पाणी उपसायचं जुनं साधन) दिसली! पत्र्याची बैलजोडी, वर पंखा. वारा आला की बैल धावेवरून (विहिरीपासूनच्या उतरत्या वाटेवरून) खाली उतरतात आणि मोट वर येते.

दादा (माझे वडील, वय ७६) गाडीतून उतरले ते अर्धा तास हललेच नाहीत. तरुणपणी त्यांनी स्वतः मोट हाकलेली. नाडा (मोट ओढायचा जाड दोर) कोणता, सोंदूर (सोंडेचा बारीक दोर) कोणता, सोंदूर ओढला की सोंड (मोटेचं खालचं निमुळतं तोंड) थारोळ्यात, म्हणजे पाणी पडायच्या हौदात, कशी उघडते, सगळं नातवंडांना हाताने करून दाखवलं. इंजिन आल्यावर मोट गेली, तेव्हापासून ते यावर कधी एवढं बोलले नव्हते.

नेमका तेव्हाच मोबाईल बंद पडला. फोटो नाही, गावाचं नावही विचारलं नाही. शेजारी ऊस होता आणि पुढे कॅनॉलवरचा अरुंद पूल, एवढंच आठवतं.

कुणाला जागा माहीत आहे का? बनवणाऱ्या शेतकऱ्याला दादांना एकदा भेटायचंय. दसऱ्याआधी जायचा विचार आहे. त्या बाजूच्या मंडळींनी गाव आणि फाटा तेवढा कळवा.