ट्रायकोकार्ड लावूनही टोमॅटोला छिद्रं: चुकलं कुठे?

वीस_गुंठे

रामराम मंडळी. 20 गुंठे टोमॅटो आहे, सिन्नर तालुका. ओळी 5 फुटांवर, झाडात दीड फूट, एकूण 33 ओळी, म्हणजे 2,900 च्या आसपास झाडं. लागवड 15 ऑक्टोबरची. आज 52 वा दिवस, पहिल्या गुच्छाची फळं लिंबाएवढी झालीत, वर फुलं चालू.

आतापर्यंत केलेलं: चारही बांधांवर झेंडू, टोमॅटोच्याच दिवशी लावलेला. हेलिकोव्हर्पाचे (फळ पोखरणारी अळी) 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), रोज 3-4 पतंग. 40 व्या दिवशी 1 ट्रायकोकार्ड (किडीची अंडी मारणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक मित्रमाशीचं कार्ड) आणून चार तुकडे केले आणि चार कोपऱ्यांतल्या बांबूंना टाचले. 45 व्या दिवशी फुलकिडे वाढले म्हणून लॅम्डा-सायहॅलोथ्रिन मारलं. 48 व्या दिवशी सकाळी 10 वाजता एचएएनपीव्ही, म्हणजे अळीला रोग लावणारा विषाणू, फवारला. तरी 100 फळं मोजली की 11-12 पोखरलेली निघतात. कार्डच खराब होतं का? पुन्हा आणावं की नाद सोडावा?

बांधावरून

दादा, आधी छिद्र कसं आहे ते सांगा. गोल, मोठं, अळीचं अर्धं अंग बाहेर? की देठाजवळ टाचणीच्या डोक्याएवढं? पानांवर पांढरट फोडासारखे चट्टे आहेत का? हे कळल्याशिवाय पुढचा खर्च करू नका.

भिंगवाला

छिद्राचं उत्तर येईपर्यंत कार्डाबद्दल सांगतो. कार्ड खराब असेल किंवा नसेल, ते लावलं त्या पद्धतीने चांगलं कार्डही वाया गेलं असतं.

ट्रायकोग्रामाची माशी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. उडून फार तर काही मीटर जाते, बाकी पानापानावर चालत अंडी शोधते. कोपऱ्यात सोडलेली माशी मधल्या ओळींपर्यंत पोचतच नाही. एका कार्डावर धान्यातल्या पतंगाची, म्हणजे कॉर्सिराची, साधारण 20,000 परोपजीवीग्रस्त अंडी (आत ट्रायकोग्रामा वाढत असलेली) असतात आणि कार्डाच्या 20 पट्ट्या होतात. भाजीपाल्यात एकरी 2 ते 3 कार्ड दर आठवड्याला, असं 5-6 वेळा. तुमच्या अर्ध्या एकराला दर वेळी दीड कार्ड धरा, म्हणजे 30 पट्ट्या. दर पाचवी ओळ निवडली तर 6 ओळी होतात. प्रत्येक ओळीत 26-27 फुटांवर एक, अशा 5 पट्ट्या टाचा. बरोबर 30 बसतात.

बांबूला टाचू नका. मुंग्या बांबू आणि तारेवरूनच ये-जा करतात, कार्डावरची अंडी त्यांना आयती मेजवानी. झाडाच्या मधल्या उंचीवरच्या पानाच्या खालच्या बाजूला टाचा, अंड्यांची बाजू सावलीत राहील अशी. पावसाचं वातावरण असेल तर चहाचा कागदी कप उलटा करून त्याच्या आत पट्टी लावा. वेळ संध्याकाळची किंवा अगदी सकाळची.

घेताना तीन गोष्टी पाहा. एक, माश्या बाहेर पडायची तारीख कार्डावर लिहिलेली असते. त्याच्या आदल्या दिवशी पट्ट्या झाडावर गेल्या पाहिजेत. दोन, अंडी एकसारखी काळी हवीत. पांढरट-पिवळी जास्त दिसली तर त्यांत माशी नाही. तीन, प्रजाती. टोमॅटोच्या पानावरच्या चिकट लवेत ट्रायकोग्रामा चिलोनिस या प्रजातीला चालणं जड जातं, त्यामुळे ट्रायकोग्रामा प्रेशिओसम मिळाली तर तीच घ्या. जॅपोनिकम गळ्यात मारत असतील तर नको, ती भाताच्या खोडकिडीसाठी आणि उसाच्या शेंडा पोखरणाऱ्या किडीसाठी आहे.

प्रत्येक खेपेतली एक पट्टी काचेच्या बाटलीत कापसाचा बोळा लावून सावलीत ठेवा. चार दिवसांनी 10 पट भिंगाखाली 100 अंडी मोजा. माशी निघून गेलेल्या काळ्या अंड्याला गोल भोक दिसतं. 80 पेक्षा कमी भोकं दिसली तर पुरवठादार बदला. कार्ड लगेच लावायचं नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात 10 अंशांखाली ठेवता येतं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाही, निम्मी कार्डं तिथेच मरतात.

आता 45 व्या दिवसाची फवारणी. लॅम्डा-सायहॅलोथ्रिन हे सिंथेटिक पायरेथ्रॉइड. पानावर त्याचा अंश बरेच दिवस टिकतो, आणि कार्डातून निघालेली माशी तर पानावर चालूनच जगते. ढालकिडे, क्रायसोपा (किडी खाणारा हिरवा जाळीदार पंखांचा कीटक), कोळी असे मित्रकीटक सगळे त्यात गेले असणार. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे आणि 5 टक्के निंबोळी अर्क आधी करून पाहायला हवा होता.

वीस_गुंठे

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. आज पुन्हा 100 फळं तपासली. 12 पैकी 4 फळांना मोठं गोल छिद्र, त्यातल्या एकात अळी सापडली, अर्धी बाहेर. उरलेल्या 8 ना देठाच्या टोपीखाली बारीक भोक. खालच्या पानांवर पांढरट चट्टे आहेत, मला करपा वाटला होता. पान उजेडात धरलं तर आत काळी विष्ठा आणि बारीक अळी दिसते.

बांधावरून

मग तुमच्याकडे दोन किडी आहेत आणि मोठी कीड ती नाही जिच्यासाठी तुम्ही खर्च केला. बारीक भोकवाली म्हणजे टोमॅटोची नागअळी, टुटा ॲब्सोल्युटा. 2014 मध्ये ती महाराष्ट्रात आढळली आणि मग देशभर पसरली. मूळची दक्षिण अमेरिकेची. हेलिकोव्हर्पाच्या ल्यूरला (सापळ्यातल्या वासाच्या गोळीला) तिचा पतंग येत नाही, म्हणून तिच्याबाबत तुमचे सापळे गप्प बसले. एचएएनपीव्ही हा फक्त हेलिकोव्हर्पाचा विषाणू आहे. नागअळीवर तो पाण्यासारखा. तंबाखूवरच्या स्पोडोप्टेरावरही तो चालत नाही, तिचा विषाणू वेगळा.

नागअळीसाठी आज काय कराल? चट्टे पडलेली खालची पानं खुडा, बादलीत नव्हे, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, तोंड बांधून दोन आठवडे कडक उन्हात ठेवा. बांधावर टाकली तर अळी मातीत जाऊन कोष करते आणि पतंग परत तुमच्याच शेतात. पोखरलेली फळं पण त्याच पिशवीत. टुटाचा वेगळा ल्यूर घ्या. पसरट घमेल्यात पाणी, त्यात साबणाचे थेंब, ल्यूर पाण्याच्या जरा वर टांगलेला. एकरी 16 ते 20 लागतात, म्हणजे तुम्हाला 8 ते 10. घमेली जमिनीलगत ठेवा, हे पतंग खालीच उडतात. यात नरच अडकतात, तेव्हा सापळ्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. फवारायचंच तर बीटी (अळी मारणाऱ्या जिवाणूची पावडर), एकरी 400 ग्रॅम, संध्याकाळी. अळी पानाच्या आत गेल्यावर त्याचा उपयोग कमी, म्हणून नवे चट्टे दिसू लागताच मारायचं.

आणि एक मित्र ओळखून ठेवा: नेसिडिओकोरिस नावाचा बारीक, हिरवट, लांब पायांचा ढेकूण. तो नागअळीची अंडी आणि पांढऱ्या माशीची पिल्लं खातो. कीड संपली की मात्र टोमॅटोच्या कोवळ्या देठातून रस ओढतो, देठावर तपकिरी कडी दिसतात, फुलं गळतात. तुमच्याकडे सध्या त्याला खायला भरपूर आहे, तेव्हा तो दिसला तर हात लावू नका.

भिंगवाला

छान पकडलंत. कार्ड तरीही चालू ठेवा. प्रेशिओसम दोन्ही किडींच्या अंड्यांवर बसते, पण टुटाचं अंडं फारच लहान असल्यामुळे तिथे फायदा मर्यादित, पानं खुडण्याला पर्याय नाही.

उरलेल्या 4 टक्के हेलिकोव्हर्पासाठी विषाणू नीट मारा. सकाळी 10 चं ऊन त्याला काही तासांत निकामी करतं. मात्रा हेक्टरी 250 एलई (एका रोगट अळीतून मिळणाऱ्या विषाणूइतकं एक माप), तुमच्या अर्ध्या एकराला 50 एलई. 15 लिटरचे 7 पंप, म्हणजे 105 लिटर पाणी, त्यात 1 किलो गूळ आणि 100 ग्रॅम नीळ. गुळामुळे अळी खाते, निळीमुळे उन्हापासून थोडा आडोसा मिळतो. साडेपाचनंतर, फुलांच्या आणि कोवळ्या शेंड्यांच्या बाजूने. बोर्डो (मोरचूद-चुन्याच्या) मिश्रणात मिसळू नका, क्षारीय द्रावणात विषाणूभोवतीचं आवरण विरघळतं. पंपाने आधी चुन्याचं काही मारलं असेल तर तो धुऊन घ्या. अळी लहान, पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत असतानाच जमतं. फळात शिरलेल्या मोठ्या अळीला 5-7 दिवस लागतात, तोवर ती दुसरं फळही फोडते. मेलेली अळी शेंड्याला उलटी लटकलेली दिसते, अंग मऊ, हात लागला की फुटते. त्या वेचून फेकू नका, विषाणू तिथूनच पसरतो.

मोहरी_कोबी

थोडं उलट मत. 20 गुंठ्यांत दर आठवड्याला कार्ड लावायचं आणि शेजारी दर चौथ्या दिवशी पायरेथ्रॉइड उडवणार, तर पैसे वाऱ्यावर. त्यापेक्षा शेतात आहेत ते मित्रकीटक टिकवा, ते फुकट आहेत. कडेला मक्याच्या दोन ओळी, म्हणजे शेजारची फवारणीही थोडी अडते. आत चवळी. चवळीवरचा काळा मावा टोमॅटोवर सहसा बसत नाही, पण त्याच्यामागे ढालकिडे येतात. धणे, बडीशेप थोडी फुलू द्या, परोपजीवी माश्यांना मध लागतो. आणि ढालकिड्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी असते. तिला कीड समजून चिरडणारे कमी नाहीत.

झेंडूचं गणित मात्र मुळात चुकलंय. सापळा म्हणून तो आतच लागतो: टोमॅटोच्या दर 16 ओळींमागे 1 ओळ, उंच आफ्रिकन जातीची. लावताना झेंडूचं रोप 40-45 दिवसांचं आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं, तेव्हा दोन्ही एकाच वेळी फुलतात आणि हेलिकोव्हर्पा झेंडूवर अंडी घालते. तुमच्या 33 ओळींत दोनच ओळी पुरल्या असत्या. बांधावरचा उशिरा फुललेला झेंडू आता उपटू नका, माश्यांना मधासाठी राहू दे.

भिंगवाला

शेजाऱ्याच्या फवारणीचा मुद्दा मान्य. पण हेलिकोव्हर्पाचं अंडं 3-4 दिवसांत फुटतं, आणि अळी एकदा फळात गेली की ढालकिडा काही करू शकत नाही. कार्डातली माशी अंड्यावरच हल्ला करते. शेजाऱ्याच्या हद्दीकडच्या 3-4 ओळी सोडून कार्ड लावा, झालं.

काकू_माळवं

कोबीत पण झेंडूच लावायचा का? आमच्याकडे चौकोनी ठिपक्यांचा पतंग फार.

मोहरी_कोबी

नाही काकू, कोबीला मोहरी. कोबीच्या 25 ओळींनंतर मोहरीच्या 2 ओळी. पहिली कोबीच्या लागवडीआधी 15 दिवस, दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे एक म्हातारी झाली तरी दुसरी कोवळी असते. पतंग मोहरीवर जमतो, फवारणी तेवढ्या ओळींवरच करा. कोबीच्या पानावर अळीशेजारी तांदळाच्या दाण्यासारखा पांढरा कोष दिसला तर तो कोटेशियाचा, मित्र आहे, पुसू नका.

वीस_गुंठे

शेवटचं. करप्याची आणि भुरीची फवारणी तर करावीच लागणार. त्यात कार्डांचं काय?

भिंगवाला

भुरीला गंधक मारू नका, ते ट्रायकोग्रामाला बाधतं. बुरशीनाशक आधी मारा, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग पट्ट्या. कीटकनाशक असेल तर मागेपुढे सात दिवस. अगदीच अळीचं मारावं लागलं तर क्लोरँट्रानिलिप्रोल माशीला बरंच सौम्य, मात्रा आणि तोड्याआधीचे दिवस लेबलवर पाहून. स्पिनोसॅड 'जैविक' म्हणून विकतात, पण ट्रायकोग्रामासाठी ते विषच.

वीस_गुंठे

बरं. पिशव्या आणि घमेली आज आणतो. पट्ट्या 59 व्या दिवशी लावतो, म्हणजे लॅम्डाला दोन आठवडे होतील. 66 व्या दिवशी फळं पुन्हा मोजून आकडा टाकतो.