१८ घनइंचाच्या बॉक्समध्ये तिसरी केबल?

न्यू जर्सीत घर घेतलंय, आउटलेटच्या प्लास्टिक बॉक्सवर 18 घनइंच छापलंय, आत 12 गेजच्या (गेज म्हणजे वायरच्या जाडीचं माप) दोन केबल आधीच आहेत (काळी, पांढरी, अर्थिंग), अजून एक पुढे न्यायचीय, दाबून बसवली तर चालेल ना?

वायरवाला: कोंबू नका हो, गरम होतं, इन्सुलेशन सोलवटतं. 12 गेजला वायरमागे 2.25 घनइंच जागा धरतात. तिन्ही केबलच्या काळ्या-पांढऱ्या 6, अर्थिंग सगळ्या मिळून 1, आउटलेट एकटं 2 वायरींची जागा खातं. झाले 9, गुणिले 2.25 म्हणजे 20.25 घनइंच, तुमच्या 18 पेक्षा जास्त.

प्रश्नकर्ता: अरे बापरे. आणि जोडायचे वायरचे छोटे तुकडे, वायरनट (वायरींची टोकं एकत्र पिळून धरणाऱ्या टोप्या)?

वायरवाला: ते मोजत नाहीत.

एडिसनकाका: आतमध्ये केबल धरणारा लोखंडी क्लॅम्प असेल तर अजून 1 धरा. सरळ 22.5 चा खोल बॉक्स लाव बाबा, आणि आधी ब्रेकर पाड.