बाबा रोज पर्वती चढतात, तरी पाटावरून हात टेकल्याशिवाय उठता येत नाही

सहकारनगरची लेक

बाबांना ७३वं चालू आहे. रोज सकाळी पर्वती चढून येतात, पावसाळ्यातही खाडा नाही. शुगर-बीपी ठीक, वजन कित्येक वर्षं ६४ किलोच्या आसपास. पण गेल्या वर्षभरात फरक दिसतोय. पूजा आटोपून पाटावरून उठताना आधी डावा हात फरशीवर, मग उजवा गुडघ्यावर, मग कपाटाची कड. बसमध्ये चढताना दांडी धरून स्वतःला अक्षरशः वर ओढतात. परवा स्वारगेटला कुणाचा तरी धक्का लागला तर सावरताच आलं नाही, नशीब मागे माणूस उभा होता. गुडघ्याचा एक्स-रे वयाच्या मानाने चांगला आलाय. घरात सगळे म्हणतात, वय झालं, चालायचंच. मला पटत नाही. रोज एवढं चालणाऱ्या माणसाच्या पायातली ताकद जाते कुठे? गेलेली परत येते का?

फिजिओ, कर्वेनगर

ताई, पटत नाही तेच बरोबर आहे. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडून दिलेले आजी-आजोबा माझ्याकडे येतात ते थेट खुब्याचं हाड मोडल्यावर, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की राग येतो.

स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक संथ आणि चिवट, तासन्‌तास चालायला लागणारे. दुसरे झटक्यात जोर देणारे: पाटावरून उठायला, तोल जाताना पाय पटकन पुढे टाकायला. वयाबरोबर जास्त बारीक होतात ते हे दुसरे. बाबा पर्वती एका लयीत चढतात, त्यात काम पडतं मुख्यतः पहिल्यांना. म्हणून दम उत्तम, पण उठताना हात टेकावा लागतो. पर्वती मुळीच बंद करू नका. हृदयाला तिच्यासारखं काही नाही. फक्त तेवढ्याने भागत नाही.

शिवाय स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या चेतापेशीही कमी होत जातात. पोरक्या झालेल्या तंतूंपैकी काहींना शेजारची चेतापेशी दत्तक घेते, पण ती बहुधा संथ जातीची, त्यामुळे तंतूही संथ होतो. ज्यांना कुणीच घेत नाही ते संपतात. १९८८ साली स्वीडनमध्ये लेक्सेल आणि सहकाऱ्यांनी मृत पुरुषांच्या मांडीचा एक स्नायू अख्खा तपासून तंतू मोजले होते. विशी ते ऐंशीच्या दरम्यान त्याचा आडवा छेद सुमारे ४० टक्क्यांनी घटलेला होता, मुख्यतः तंतूंची संख्याच घटल्यामुळे. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायू घटतो तेवढी चरबी वाढलेली असू शकते.

आता परत येण्याचं. गेलेले तंतू येत नाहीत, पण उरलेले जाड होतात आणि मेंदू त्यांना जास्त चांगलं कामाला लावतो. १९९० साली बोस्टनमध्ये डॉ. फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या अशक्त लोकांना ८ आठवडे वजनं उचलायला लावली, तीही झेपेल त्या कमाल वजनाच्या ८० टक्के. पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट. बाबा तर ७३चेच आहेत.

घरी आधी एवढं बघा. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर घडी घालून, पाच वेळा उठा-बस. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर व्यायाम सुरू करण्याआधी कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.

पेठेतला जुना तालीमवाला

माझं वय ६८. तालमीत जोर-बैठका मारल्या, मग नोकरीत सगळं सुटलं. साठीनंतर पुन्हा धरलं, पण पूर्ण खाली जात नाही, खुर्चीच्या उंचीपर्यंतच. गुडघा कुरकुरला नाही. बाबांना एकटं करायला लावू नका, दोघं मिळून करा, खाडे होत नाहीत.

औंधवरून

एक सावधगिरीची गोष्ट. आईला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यात कुणी तिला पलंगावरून उठवलंच नाही. ताप उतरला, पण संडासापर्यंत जायला दोघं लागायचे. बाबा कधी आजारी पडले तर खुर्चीत तरी बसवत राहा.

फिजिओ, कर्वेनगर

औंधवरून, अगदी खरं. निरोगी ज्येष्ठांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं तरी पायातलं सुमारे एक किलो मांस गेल्याचं अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलंय.

सहकारनगरची लेक

मनापासून आभार सगळ्यांचे. आज बघितलं, १५ सेकंद लागले आणि शेवटच्या दोन वेळा हात सुटलेच. खाण्याचं काय? आम्ही शाकाहारी, रात्री बाबा फक्त मऊ खिचडी घेतात.

फिजिओ, कर्वेनगर

मग या आठवड्यातच दाखवून घ्या. नंतर एक दिवसाआड खुर्चीवरून उठा-बस: उठताना जोरात, बसताना सावकाश, श्वास न कोंडता. सोपं झालं की हातात डाळीची पिशवी, मग त्याहून जड. वजन वाढवायचं विसरलात तर प्रगती तिथेच थांबते.

खिचडी राहू दे, सोबत वाटीभर दही आणि पनीर द्या. म्हातारपणी तेवढ्याच प्रथिनांवर स्नायू कमी बांधला जातो, म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरतात. बाबांना दिवसाला ६४ ते ७७ ग्रॅम. १०० ग्रॅम पनीरात साधारण १८, वाटीभर वरणात ६-७. सकाळच्या नुसत्या चहा-खारीऐवजी मुगाचं धिरडं आणि दूध चालेल. प्रथिनं वाढवण्याआधी क्रिएटिनिन मात्र तपासून घ्या; मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशोब लागू होत नाही.