कर्ज फिटलेली गाडी विकायची, का तर म्हणे झोप लागते!

जुनंखोड (धागाकर्ता):
काल एका सदस्यानं ठणकावून लिहिलं, ‘दहा वर्षं जुनी गाडी ठेवणं म्हणजे गॅरेजवाल्याचा हप्ता भरणं. तोच हप्ता नव्या गाडीला भरा, निदान रात्री झोप तरी लागते.’ खाली अंगठ्यांची ही रांग. तिथंच उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढावा लागला.

माझी गाडी २०११ ची. कर्ज २०१६ ला फिटलं. तेव्हापासून गाडीचा प्रत्येक खर्च मी वहीत हप्त्यांत लिहितो. (घरचे हसतात. हसू देत.) बॅटरी पाव हप्ता. मोठी सर्व्हिस पाऊण. सगळ्यात वाईट वर्ष होतं ते क्लच, एसीचा कॉम्प्रेसर आणि पुढचं सस्पेन्शन एकदम गेलं त्याचं. झाले साडेचार हप्ते. नव्या गाडीवाल्याचं सगळ्यात चांगलं वर्ष किती हप्त्यांचं असतं? बाराचं. वर सर्व्हिस वेगळी, आणि पूर्ण विमा वेगळा, कारण कर्ज देणारा तो घ्यायलाच लावतो.

आता व्याज. ९ टक्क्यांनी १०० घेतले तर पाच वर्षांत साधारण १२४.५० परत करायचे. हप्ता लहान दिसावा म्हणून सात वर्षं केलीत तर १३५. सात वर्षांच्या कर्जात दोन वर्षं भरून झाल्यावरही १०० पैकी साडेसत्त्याहत्तर देणं बाकीच असतं. त्या दिवशी गाडी विकायची वेळ आली तर काय मिळेल ते स्वतःलाच विचारा.

माझी गाडी फार चालत नाही, टायरसुद्धा अजून नव्यासारखे दिसतात. अमेरिकेतल्या इर्व्ह गॉर्डन या शिक्षकानं १९६६ ची व्होल्वो ३० लाख मैलांच्या पुढे नेली. आणि आपण दहाव्या वर्षी गाडीला म्हातारी म्हणतो.

नवाकोरा:
ते ‘ठणकावून’ लिहिणारा मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

वही छान आहे. तिच्यात एक रकाना राहिलाय. माझ्या आधीच्या गाडीचं कर्ज फिटून चार वर्षं झाली होती. रात्रीचे साडेअकरा, पाऊस, आई मागच्या सीटवर, दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन. टायमिंग बेल्ट तुटला. नुसती गाडी बंद पडली असती तर गोष्ट वेगळी, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले, हेड उघडावं लागलं. तुमच्या भाषेत सात हप्ते. पण ते तीन तास रस्त्याच्या कडेला आईला छत्रीखाली घेऊन उभा होतो, ते किती हप्त्यांचे? पुढच्या महिन्यात नवीन गाडी घेतली. हो, कर्जानं. हो, सात वर्षांच्या. आणि हो, झोप लागते.

पानापक्कड:
बावीस वर्षं गॅरेज चालवतोय म्हणून बोलतो. नवाकोरा, राग मानू नका, तो बेल्ट किती किलोमीटरवर तुटला? आणि बदलायचा किती किलोमीटरवर होता?

नवाकोरा:
१ लाख १२ हजारावर तुटला. पुस्तकात ९० हजार लिहिलं होतं. समाधान झालं?

पानापक्कड:
झालं. जुनी गाडी दगा देते म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे असेच. बेल्ट बदलायला एक हप्तासुद्धा लागला नसता. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, ते दोन वर्षांनी बदला म्हणून मी ओरडतो, गिऱ्हाईक म्हणतं ‘ब्रेक लागतायत की’. लागतात हो, लांब उतारावर ते ऑइल उकळेपर्यंत लागतात. गाडी वयानं मरत नाही, रबरानं मरते. होसपाइप, बुश, माउंटिंग, बेल्ट, टायर. आणि गंजानं. चासीला गंज लागला की मी स्वतः सांगतो, आता विका.

धागाकर्त्यांनाही सांगतो, ‘फार चालत नाही’ ही काही कौतुकाची गोष्ट नाही. तो गॉर्डन रोज लांबवर गाडी न्यायचा, इंजिन नीट तापायचं. तुम्ही दोन किलोमीटर जाऊन परत येत असाल तर ऑइलमधलं पाणी उडतच नाही, बॅटरीही भरत नाही.

आकडेमोड:
जुनंखोड, गणित बरोबर. मीही तपासून पाहिलं. पण २०१६ पासून वाचलेले हप्ते आहेत कुठे? म्हणजे वेगळ्या खात्यात साठलेत, की घरखर्चात विरघळले? दर महिन्याला बाजूला पडले असतील तर तुमच्या हातात आज रोख नवी गाडी आहे, मग तुमच्यासारखा शहाणा तुम्हीच. नसतील तर तुम्ही वाचवलं नाहीत, दुसरीकडे खर्च केलंत.

जुनंखोड:
दोन वर्षं साठवले. मग घराचं काम निघालं.

आकडेमोड:
धन्यवाद. एवढंच हवं होतं.

गिअरनॉब:
कर्ज गेलं खड्ड्यात. मला नवी गाडी परवडते तरी घेत नाही, कारण आजकाल गाडीत बटणं नसतात! मेव्हण्याच्या नव्या गाडीत काचेवरची वाफ घालवायला तीन पडदे ओलांडावे लागले. समोर ट्रक. माझ्या जुनीत ती खुंटी मी डोळे मिटून फिरवतो.

नवाकोरा:
डोळे मिटून गाडी चालवत असाल तर प्रश्न बटणांचा नाही.

गिअरनॉब:
विनोद करा. स्वीडनमधल्या एका मोटार मासिकानं २०२२ साली चाचणी घेतली होती. ताशी ११० च्या वेगात चार साधी कामं: काचेवरची वाफ, रेडिओ, ट्रिप मीटर, दिव्यांचा उजेड. पहिली कोण आली? २००५ ची व्होल्वो! दहा सेकंद, ३०६ मीटर. सगळ्यात मागे पडलेल्या नव्याकोऱ्या गाडीला ४४.६ सेकंद. म्हणजे जवळपास १.४ किलोमीटर माणूस रस्त्याकडे अर्धवट बघत निघालाय.

कुंपणावरचा:
या एका प्रतिसादासाठी धागा वाचल्याचं सार्थक झालं. +१

आकडेमोड:
त्या चाचणीत चालकांना आधी सरावाला वेळ दिला होता हेही सांगा. म्हणजे तुमचा मुद्दा आणखीच पक्का होतो. (मी कोणाच्याच बाजूनं नाही.)

नवाकोरा:
सवय होते हो. आणि आवाजानं सांगता येतं.

गिअरनॉब:
आवाजानं! मी म्हणालो ‘काच साफ कर’, तिनं मेव्हण्याच्या साडूला फोन लावला. रात्री अकराला. त्या माणसाशी आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं.

कुंपणावरचा:
मग? झालं का बोलणं सुरू?

गिअरनॉब:
झालं. तो मुद्दा नाही.

पानापक्कड:
पडदा गेला तर दुरुस्त होत नाही, अख्खा बदलावा लागतो, हे कोणी बोलणार आहे का? खुंटी तुटली तर मी दहा मिनिटांत बसवतो. आता युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपवाल्यांनाही कळलंय. २०२६ पासून पूर्ण पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन कॉल यांना हाताला लागणारी बटणं द्यावी लागतात. म्हणजे बटणांची गाडी हवी असेल तर थोडं थांबा.

जुनंखोड:
माझा धागा हप्त्यांचा होता. बटणांचा वेगळा काढा ना.

मागचीसीट:
बटणं, हप्ते, वह्या. अपघाताबद्दल अजून एकही ओळ नाही, आणि लिहिणारे बहुतेक पुढच्या सीटवर बसणारे दिसतात. २००९ साली अमेरिकेत विमा कंपन्यांच्या संस्थेनं १९५९ ची शेव्हरोले आणि २००९ ची शेव्हरोले समोरासमोर धडकवून दाखवली होती. जुनीत बसवलेला पुतळा जगला नसता, नवीतल्याच्या पायाला इजा झाली असती.

जुनंखोड:
ताई, ती गाडी पन्नास वर्षं जुनी. माझी २०११ ची. काहीतरी तारतम्य?

मागचीसीट:
मान्य, उदाहरण टोकाचं झालं. मग तुमच्याच गाडीचं बोलू. गाडी घसरायला लागली की प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावून ती सरळ करणारी यंत्रणा, ईएससी, आहे? युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीला ती सक्तीची आहे. मागच्या मधल्या सीटला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे? एअरबॅगचं रिकॉल चासी नंबर टाकून तपासलंत? टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्ण दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडायचं आणि फुगवणारा डबाच फुटून धातूचे तुकडे माणसाला लागायचे. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ती बदली फुकट होती, तरी लोक गेले नाहीत.

माझ्या भावाची गाडी वळणावर घसरली होती. ईएससी नसलेली, कर्ज फिटलेली. तो वाचला, चालतो, फक्त जिना एकेक पायरी उतरतो. त्यानंतर मी हप्ता हा शब्द उच्चारलेला नाही, भरते.

जुनंखोड:
ईएससी नाही. मधल्या सीटला कमरेचा पट्टा आहे. रिकॉल बघतो.

पण एक सांगा, यासाठी कोरी गाडीच हवी का? चारपाच वर्षं वापरलेली, हे सगळं असलेली घेता येत नाही? पहिल्या वर्षांची मोठी घसरण दुसऱ्यानं सोसलेली असते.

मागचीसीट:
येते की. मी कुठं कोरी म्हणाले? माझीही तशीच आहे. कोरीचा आग्रह नवाकोरा यांचा.

नवाकोरा:
म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या हप्त्यांवर फुकट बसायचं. कंजूषपणाला तत्त्वज्ञानाची झूल घातली की असे धागे निघतात.

जुनंखोड:
आणि बँकेच्या गाडीला स्वतःची गाडी म्हणणाऱ्यांना झोप लागते!

संपादक:
वैयक्तिक शेरे थांबवा. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

कुंपणावरचा:
उडवलेले वाचायचे राहिले. असो. माझ्या वडिलांनी एकदा हप्त्यांवर गाडी घेतली. आठ महिन्यांनी कारखाना बंद झाला, अकराव्या महिन्यात दोन माणसं येऊन किल्ली घेऊन गेली. मी सातवीत होतो, गाडीत माझं क्रिकेटचं किट राहिलं. आता माझा पगार चांगला आहे, पण कर्जाच्या कागदावर सही करायला हात उचलत नाही. हे गणित नाही, ठाऊक आहे.

नवाकोरा:
कुंपणावरचा, वाईट वाटलं वाचून. कंजूष हा शब्द मागे घेतो. निम्मा.

पानापक्कड:
जुनंखोड, वर ‘टायर नव्यासारखे दिसतात’ असं लिहिलंय तुम्ही. नक्षी बघू नका. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. एका बाजूला नसतील तर आतल्या बाजूला वाकून बघा. किती आहे?

जुनंखोड:
आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. चारही टायरवर २३१५.

पानापक्कड:
म्हणजे २०१५ चा जून.

जुनंखोड:
हो. धाकटीचा जन्मही नव्हता तेव्हा. रोज तिला शाळेत याच टायरवर सोडतो, मागे मधल्या सीटवर, कारण तिला मधेच बसायचं असतं.

मागचीसीट:
उद्यापासून कडेला बसवा. बाकी मी काही बोलत नाही.

जुनंखोड:
बोललात तरी चालेल. टायर उद्या बदलतो. चार मिळून दीड हप्ता, वहीत लिहिला. नवाकोरा, आनंद झाला असेल तर तोही निम्माच माना. आणि गिअरनॉब, तुमच्या त्या बटणांच्या धाग्याची लिंक द्या. गाडी बदलली तर लागेल.