आतेभावाला कस्टमवाल्यांनी रात्रभर बसवून ठेवलं, "अटक नाही" म्हणाले, मग ते होतं काय?

सुदामानगरवाला:
नमस्कार मंडळी, घरात सगळेच टेन्शनमध्ये आहेत म्हणून लिहितोय. आतेभाऊ शारजाला तीन वर्षं नोकरीला आहे, बहिणीच्या लग्नासाठी सुट्टी काढून आला, इंदूरची थेट फ्लाइट मिळाली नाही म्हणून दुसऱ्या शहरात उतरला. जवळ दोन पाटल्या आणि एक चेन, मिळून साठेक ग्रॅम, तिकडच्या दुकानाचं बिल सोबत. ग्रीन चॅनेलमधून निघाला आणि एक्स-रेवर बॅग धरली. रात्री साडेअकराला पासपोर्ट-मोबाइल काढून घेतला आणि एका खोलीत बसवलं, इकडे आत्या फोन लावून लावून रडकुंडीला आलेली. सोडलं दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. दागिने ठेवून घेतले, रिसीट दिली, इंग्रजीत टाइप केलेल्या कागदांवर सह्या घेतल्या. मला अटक केलीय का असं त्याने दोनदा विचारलं तर म्हणे अटक कसली, चौकशी चालू आहे. आता घरी कस्टम कायद्याच्या कलम 108 चं समन्स आलंय, म्हणजे स्टेटमेंट द्यायला या म्हणून. गेला तर आत टाकतील का? आणि अटक नव्हती तर उठून बाहेर का येऊ दिलं नाही?

शारजा_रिटर्न:
भाऊ आधी त्याची चूक कुठे झाली ते सांगतो, राग मानू नका. एक वर्षाच्या वर बाहेर राहिलेल्या पुरुषाला दागिने 20 ग्रॅमपर्यंत ड्युटीशिवाय आणता येतात, बाईला 40 ग्रॅम. साठ ग्रॅम जवळ असताना ग्रीन चॅनेलमधून जाणं म्हणजे माझ्याकडे ड्युटी लागणारं काही नाही असं सांगणंच झालं. बिल असलं तरी काही फरक पडत नाही. रेड चॅनेलला, म्हणजे ड्युटीचा माल जाहीर करायच्या रांगेत, जाऊन बिल दाखवलं असतं तर ड्युटी भरून बहुतेक तासाभरात बाहेर पडला असता. आमच्या कॅम्पमधली अर्धी पोरं हेच करतात आणि अडकतात.

रामबाग_वकील:
चूक झाली हे खरं, पण म्हणून सोळा तास कोंडून ठेवायचं हे कुठल्या कायद्यात बसतं? कस्टम कायदा 1962 मध्ये अटकेचं कलम 104 आहे. कमिशनरने अधिकार दिलेला अधिकारीच अटक करू शकतो, गुन्हा झालाय असं मानायला ठोस कारण हवं, कारण त्या माणसाला सांगावं लागतं आणि विनाकारण वेळ न काढता मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. 24 तासांची मर्यादा राज्यघटनेच्या कलम 22 मध्येच आहे. ते घड्याळ अटकेच्या मेमोवर टाकलेल्या वेळेपासून चालू होत नाही, माणसाला हलायची मोकळीक बंद झाली तेव्हापासून चालू होतं, हे मुंबई हायकोर्टाने कस्टमच्याच एका केसमध्ये 1990 च्या सुमाराला स्पष्ट केलंय. तेव्हा दार बंद, पासपोर्ट त्यांच्याकडे आणि वर अटक नाही म्हणायचं, हा फक्त कागदावरचा खेळ आहे. त्याच्या बाबतीत 24 तास उलटले नाहीत हे खरं, पण साडेअकरा ते चार हा वेळ आत्ताच लिहून ठेवा, बोर्डिंग पास आणि फोनच्या मिस्ड कॉलच्या यादीसकट, आत्याबाईंचा फोन हा इथे पुरावा आहे.

आता आत टाकतील का. सीबीआयसी म्हणजे कस्टमचं केंद्रातलं बोर्ड, त्याच्या 2022 च्या सर्क्युलरप्रमाणे बॅगेज आणि स्मगलिंगच्या केसमध्ये अटक साधारणपणे मालाची बाजारभावाने किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तरच. शस्त्रं, खोट्या नोटा, वन्यप्राणी असलं काही असेल तर मर्यादा नाही. साठ ग्रॅम सोनं 50 लाखांच्या आसपाससुद्धा जात नाही. माल न सांगता आणल्याचा गुन्हा अजामीनपात्र होतो तो मालाचा बाजारभाव एक कोटीच्या वर गेला तर, आणि जामीनपात्र गुन्ह्यात कस्टमचा अधिकारी स्वतःच जामीन देऊ शकतो. तेव्हा आत्याला सांगा जेवून घ्या.

माळवा_एक्स्प्रेस:
कस्टमवाले पोलीस नसतात हो, हे कोर्टानेच म्हटलंय, मग पोलिसांचे नियम त्यांना कुठून लागणार? तिथे दिलेलं स्टेटमेंट पुरावा म्हणून चालतं, पोलिसांसमोरचं चालत नाही. म्हणून समन्सला जायचं तर तोंड सांभाळून.

रामबाग_वकील:
दादा तुमचं पहिलं वाक्य बरोबर पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतोय, आणि याच गैरसमजावर लोकांना रात्रभर बसवलं जातं. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2025 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या बेंचने सांगितलंय की कस्टम अधिकारी पोलीस नाहीत, पण अटकेच्या वेळचे संरक्षणाचे नियम त्यांनाही पाळावेच लागतात. कुटुंबातल्या माणसाला कळवणं, रेकॉर्ड ठेवणं, आणि चौकशीच्या वेळी वकील दिसेल पण बोलणं ऐकू येणार नाही अशा अंतरावर बसू देणं. तेव्हा समन्सला जाताना वकील सोबत घ्या. आणि 108 चं स्टेटमेंट गॅझेटेड अधिकाऱ्यासमोरच होतं, सुपरिंटेंडंट चालतो, इन्स्पेक्टर नाही. न जाण्याचा विचारसुद्धा करू नका, समन्सला हजर राहणं आणि खरं सांगणं बंधनकारक आहे. ठरलेल्या तारखेला काही कारणाने जमत नसेल तर लेखी कळवून पुढची मागा.

स्नेहल_नारायणबाग:
एक सांगू का, पुढच्या वेळी घरातली बाई सोबत असेल तर, अंगझडती बाईच घेऊ शकते, आणि आधी गॅझेटेड अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटपुढे न्या असं आपण म्हणू शकतो, कलम 102. दोन पंच लागतात. माझ्या मावशीला हे माहीत नव्हतं, बिचारी घाबरून कशालाही हो म्हणत राहिली. सुदामानगरवाले, तुमच्या भावाच्या कागदांत छापील ओळ आहे का बघा, "मला शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस नको, सुनावणी नको" असली? ती असते म्हणे.

सुदामानगरवाला:
आहे! शेवटच्या पानावर, त्याची सही खाली. त्याला वाटलं रिसीटचीच सही आहे. इंग्रजी त्याचं कामापुरतं, रात्री झोप नाही, समोर चार माणसं उभी, काय वाचणार.

रामबाग_वकील:
स्नेहलताई नेमकं धरलंत. असल्या आधीच टाइप केलेल्या, हक्क सोडल्याच्या कागदांवर (वेव्हर) 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने स्पष्टपणे नापसंती दाखवलीय, नोटीस आणि सुनावणीचा हक्क छापील कागदावर सही घेऊन काढून घेता येत नाही. कलम 110 प्रमाणे जप्तीनंतर सहा महिन्यांत नोटीस दिली नाही (वाढवली तर आणखी सहा महिने) तर माल परत द्यावा लागतो, म्हणून ती सही त्यांना हवी असते. आजच एक साधं पत्र टाका, भाषा कळत नसताना आणि झोप नसताना सही घेतली, ते वेव्हर मागे घेतोय, स्टेटमेंटमध्ये काय काय त्याचं नाही तेही लिहा. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा, ईमेलही करा. उशीर केलात तर म्हणतील वकिलाने शिकवलं. पण जे खरं आहे ते नाकारू नका, दागिने आणले हे खरं, ते लग्नासाठी होते हे खरं, त्यावर ठाम राहिलं की बरं. दंड आणि ड्युटी भरून दागिने सोडवून घेण्याचा पर्यायही असतो, तो वकिलाशी बोलून ठरवा.

समन्सचा फोटो टाका, नाव-पत्ता आणि पासपोर्ट नंबर झाकून, कोणाच्या सहीने आलंय आणि सोबत काय काय आणायला सांगितलंय ते पाहून सांगतो.