वर्गातल्या मुलाच्या दंडावर वळ दिसले. कुणाला सांगू?

पाटीपेन्सिल
मी नाशिक जिल्ह्यातल्या एका खाजगी शाळेत ज्युनिअर केजीला शिकवते. जूनमध्येच लागले. वर्गात २२ मुलं, मी आणि मदतीला एक मावशी.

सोमवारी बोटांनी रंगवायचा तास होता. नंतर हात धुवायला एका मुलाच्या बाह्या वर केल्या, तर डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला ओळीने चार निळसर वळ. कानाच्या मागेही एक. मी एवढंच म्हटलं, "काय झालं रे इथे?" तो म्हणाला, "काकांनी पकडलं. दूध सांडलं म्हणून." आणि परत साबणाच्या फेसात रमला.

त्यानंतर मागचं एकेक आठवायला लागलं. दोन आठवडे तो डबा स्वतः उघडत नाही. परवा शेजारच्या मुलीची बाटली कलंडली, याच्या पायाशी पाणी आलं, तर याने दोन्ही हात डोक्यावर घेतले. चार वर्षांचं पोर हो. ते हात डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, घरातला मामला आहे, आपण पडू नये, पालक बिथरले तर मुलं काढून नेतात. फार तर आईच्या कानावर घाल. पण काका त्याच घरात राहतात. आणि माझा गैरसमज असेल तर? एका घराची अब्रू जाईल. दोन रात्री झोप नाही. काय करू?

दोन मुलींचा बाबा
ताई, फोटो काढून ठेवा आणि पालकांच्या ग्रुपवर टाका. चार लोकांत बोभाटा झाला की तो काका सुतासारखा सरळ येईल. माझ्या मुलीच्या बाबतीत असं झालं असतं तर मी दारात जाऊन जाब विचारला असता.

निवृत्त मुख्यसेविका
दादा, तुमचा संताप कळतो, पण फोटो ग्रुपवर नको. उद्या ते पोर मोठं होईल, तेव्हाही तो फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये असेल. आणि जाब विचारून आपण घरी परततो, मूल मात्र रात्री त्याच घरात झोपतं.

पोरी, आता तुझ्याशी बोलते. मी ३१ वर्षं अंगणवाडीच्या कामात काढली, त्यातली बरीच मेळघाटात, धारणी तालुक्यात.

आधी वही घे. तारीख, वेळ, कुठला दंड, किती वळ, कसा रंग, तिथे कोण होतं. त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरव. "काकांनी मारल्याचे मुलाने सांगितले" असं लिहू नकोस, कारण तो 'मारलं' म्हणालाच नाही, 'पकडलं' म्हणाला. डबा आणि बाटलीचंही लिही. खाली सही कर.

आणि आता त्याला पुन्हा विचारू नकोस, मोठ्या बाईंनाही विचारू देऊ नकोस. एवढं मूल समोरच्याला काय ऐकायचंय ते ओळखून बोलतं. पाच जणांनी पाचदा खोदून विचारलं की त्याचं स्वतःचं वाक्य हरवतं. तो आपणहून बोलला तर ऐक, "बरं झालं सांगितलंस" म्हण. "कुणाला सांगणार नाही हं" असं वचन मात्र देऊ नकोस. तुला ते मोडावं लागेल.

मग १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, फोन कर. चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत. खरंखोटं ठरवणं तुझं काम नाही. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, बालकल्याण समिती आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मारहाण केली, हाल केले तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तो गुन्हा आहे. घरातला मामला म्हणून तो सुटत नाही. (उद्या कधी लैंगिक त्रासाची शंका आली तर पोक्सो कायदा आणखी कडक आहे. तिथे कळवलं नाही तर गप्प बसणाराच गुन्हेगार ठरतो. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.) खेड्यात असतीस तर ग्राम बाल संरक्षण समिती असते, तिची सदस्य सचिव अंगणवाडी सेविकाच असते.

आईच्या कानावर आत्ताच घालू नकोस. तिला तोच माणूस भारी पडत असेल तर? पण ती शाळेत आली की तिच्याशी नेहमीसारखंच बोल. हे मी माझ्या चुकीतून शिकले. धारणीत एका तान्ह्या मुलीच्या पोटावर डंब्याचे डाग दिसले. पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने चटके देतात तिकडे. मी त्या आईला सगळ्यांदेखत फाडफाड बोलले. पुढच्या महिन्यात ती वजनाला आलीच नाही. वाढीच्या तक्त्यावर त्या मुलीची रेघ तिथेच थांबली. शेवटी आमची कोरकू सेविका तिच्या ओसरीवर जाऊन बसली, तेव्हा कळलं की पोर रात्रभर किंचाळत होती आणि दवाखान्यापर्यंत जायला गाडी नव्हती. चटका चुकीचाच होता, त्याबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण माझ्या चेहऱ्यावरच्या रागाने ती मुलगी महिनाभर नजरेआड गेली.

आणखी एक. वर्गात छोटा तांब्या, पेले आणि फडकं ठेव. सगळ्या मुलांना पाणी ओतू दे, सांडू दे, पुसू दे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा मुलं येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांची नखं काढणं, केस विंचरणं हेही शिकवण्यातच धरलं. मूल असं हाताखालून गेलं की त्याच्या अंगावरचं आणि मनातलं दोन्ही दिसतं. तुला बाह्या वर करतानाच दिसलं ना?

बालरोग डॉक्टर
मुख्यसेविका बाईंच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. माझ्याकडून थोडी भर. धावणाऱ्या मुलांच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर मुका मार असतोच. कान, मान, पोट, दंडाची आतली बाजू इथे पडून सहसा लागत नाही. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही जागा काळजीच्या आहेत. उलट बाजूही सांगतो: आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना कमरेखाली जन्मतःच निळसर डाग असतात, ते मार समजू नयेत. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठरवू नका, आम्हालाही ते नेमकं सांगता येत नाही. वहीत फक्त रंग लिहा.

पाटीपेन्सिल
आठवड्याने लिहितेय. वही मोठ्या बाईंपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "फोन इथूनच कर." पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. त्यांची माणसं घरी जाऊन आली एवढं कळलंय. पुढचं मी विचारलेलं नाही. आई काल आणायला आली, मी रोजच्यासारखी हसले. ती दारात क्षणभर थांबली, "याच्याकडे लक्ष असू द्या बाई" म्हणाली आणि गेली.

तांब्या आणि पेले कोपऱ्यात मांडलेत. पहिले दोन दिवस तो लांबूनच बघत होता. आज त्याने तांब्या उचलला, पेला भरून वाहिला, पाणी चटईवर गेलं. हात डोक्याकडे निघाले होते. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फडकं तिथे आहे." त्याने चटई पुसली, फडकं बादलीत पिळलं आणि तांब्या पुन्हा भरायला घेतला.