ट्रॅव्हल ट्रेलरची पाण्याची लाइन: थंडीची तयारी सोपी कशी करावी?

प्रेषक: नवा सभासद

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आम्ही यंदा एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला. आपल्यात बऱ्याच जणांकडे आहे, म्हणून इथेच विचारतो. पाणी गोठायच्या आत सगळी लाइन रिकामी करायची हे कळलं, मॅन्युअलमध्ये क्रमही दिलाय. माझं रडगाणं वेगळं आहे. गीझरचे बायपास व्हॉल्व्ह (गीझरला वगळून पाणी पुढे नेणारे) पलंगाखालच्या प्लायवुडमागे आहेत, पंप बाकाखालच्या कोपऱ्यात आणि निचऱ्याचे दोन पाइप चाकामागे, टोप्या घट्ट बसवून बंद केलेले. म्हणजे आधी स्क्रू काढा, मग जमिनीवर आडवे व्हा, मग दातओठ खात टोपी फिरवा. सौ. म्हणते, दर वर्षी हेच करायचं असेल तर ट्रेलर विकलेला बरा.

तर यात एकदाच खटपट करून कायमची सोय करता येते का? आणि हवा मारून पाणी काढायचं की ते गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत पाइप न फोडणारं द्रव, भरायचं? इंटरनेटवर दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांच्या जिवावर उठलेत.

---

प्रेषक: ट्रेलरवाले काका

अरे, तू नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलंस. यात काम अवघड काहीच नाही, हात पोचत नाही हीच खरी अडचण. ट्रेलर बनवणारा माणूस पाइप आधी टाकतो आणि फर्निचर नंतर ठोकतो. ते व्हॉल्व्ह पुन्हा कोणाला उघडायचे आहेत हा विचार त्याच्या डोक्यातच नसतो. म्हणून ही कामं हवा चांगली असताना करून टाक. बोटं गारठल्यावर प्लायवुडशी कुस्ती करू नये.

पहिलं काम म्हणजे पंपाच्या आधी एक तीन तोंडांचा व्हॉल्व्ह. एक तोंड टाकीकडे, एक पंपाकडे आणि तिसऱ्याला हातभर लांब पारदर्शक नळी. एरवी पंप टाकीतून पाणी ओढतो. दांडी फिरवली की तोच पंप नळीतून थेट कॅनमधलं अँटीफ्रीझ ओढतो. हा नसला की लोक अँटीफ्रीझ पिण्याच्या पाण्याच्या टाकीत ओततात. तिथे ते तळाच्या पाण्यात मिसळून पातळ होतं आणि कॅनच्या कॅन संपतात. काही ट्रेलरमध्ये हा व्हॉल्व्ह कारखान्यातूनच आलेला असतो, फक्त मालकाला पत्ता नसतो. आधी टॉर्च घेऊन बघ.

तो बसवायचा गाळणीच्याही आधी, पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला. या बाजूचा जोड जरा जरी सैल राहिला तरी पाणी गळत नाही, उलट पंप हवा ओढतो. पंप घरघरत राहतो आणि कॅनमधली पातळी जागची हलत नाही. पंपाला जे फिरते जोड असतात त्यांच्या आत रबराची सील असते. त्यांना टेफ्लॉन टेप लावायची नाही आणि पानाही नाही, हातानं घट्ट केले की पुरे. पाना लावून प्लॅस्टिकची चक्की फोडणारे महाभाग मी बघितलेत.

दुसरं, त्या निचऱ्याच्या टोप्या काढ आणि तिथे पाव फेऱ्यात उघडणारे छोटे बॉल व्हॉल्व्ह बसव. एक गरम लाइनचा, एक थंड लाइनचा. ट्रेलरखाली न झोपता हात पोचेल एवढा पाइप बाजूला आण, पण तोंड खालीच राहू दे आणि मध्ये कुठे चढ येऊ देऊ नकोस. चढ आला की त्याच्या अलीकडे पाणी साचलंच.

तिसरं, त्या प्लायवुडला स्क्रूंऐवजी बिजागरी आणि चुंबकाची कडी लाव. खर्च नगण्य, आणि आयुष्यभराचा वैताग जातो.

गीझरचा बायपास मात्र असायलाच हवा. लहान ट्रेलरचा गीझर साधारण २३ लिटरचा असतो. बायपास नसेल तर नळाला गुलाबी पाणी यायच्या आधी तेवढं अँटीफ्रीझ गीझर गिळतो. बायपास असला की सगळं काम ८ ते ११ लिटरांत आटोपतं. तीन व्हॉल्व्हची रचना असेल तर उन्हाळ्यात आत जाणारा आणि बाहेर येणारा उघडे, मधला बंद. थंडीत बरोबर उलट. दांडी पाइपच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद.

---

प्रेषक: कॉम्प्रेसरवाला

> तोच पंप नळीतून थेट कॅनमधलं अँटीफ्रीझ ओढतो

काका, तुमचा मान राखून सांगतो, मला हे गुलाबी प्रकरण मुळातच पटत नाही. वसंतात ते धुऊन काढताना जीव जातो, फेस येतो आणि चहाला चव लागते ती वेगळीच. नुसत्या हवेनं सगळं होतं.

सोय म्हणाल तर, बाहेरून नळ जोडायचं जे तोंड असतं त्यात बसेल असा अडॅप्टर घ्यायचा. त्याच्यावर एक बॉल व्हॉल्व्ह, दाबाचा घड्याळी रेग्युलेटर आणि कॉम्प्रेसरची चटकन बसणारी कपलिंग हे सगळं कायमचं जोडून ठेवायचं आणि जुळणी तशीच पिशवीत टाकायची. रेग्युलेटर ४० पीएसआयवर, त्याच्या वर नाही. आधी निचरे उघडून पाणी जाऊ द्यायचं, मग ते बंद करून आतला एकेक नळ उघडायचा. पाणी थांबून नुसते तुषार यायला लागले की तो बंद, पुढचा चालू. गरम आणि थंड वेगवेगळे. बाहेरचा शॉवर आणि संडासाचा फ्लश विसरायचा नाही. सगळं झालं की अख्खी फेरी पुन्हा एकदा, कारण पहिल्या फेरीत भिंतींना चिकटलेलं पाणी खाली उतरून परत गोळा होतं.

एक महत्त्वाचं. टायरमध्ये हवा भरायचा खिशाएवढा पंप इथे चालत नाही. तो दाब दाखवतो, पण हवेचा लोंढा देत नाही. पाणी ढकलायला लोंढा लागतो. टाकी असलेला कॉम्प्रेसर हवा. टाकी लहान असेल तर प्रत्येक नळानंतर ती भरेपर्यंत थांबायचं.

---

प्रेषक: ताई

दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच दोन्ही करावं. सांगते का ते.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. मोकळ्या पाइपमध्ये तळाशी चार थेंब राहिले तर त्यांना फुगायला वर भरपूर जागा असते, काही बिघडत नाही. शिवाय आजकालचे पेक्स, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकचे, पाइप थोडे ताणलेही जातात. फुटतात त्या अरुंद, बंद जागा. पंपाचं डोकं, नळाच्या आतलं कार्ट्रिज, फ्लशचा व्हॉल्व्ह, प्लॅस्टिकचे कोपरे आणि बाहेरच्या तोंडामागचा एकमार्गी व्हॉल्व्ह. तिथे चमचाभर पाणीही पुरतं. आणि हवा नेमकी तिथेच कमी पडते. बाहेरच्या तोंडातून मारलेली हवा पंपातून उलटी जातच नाही, कारण पंपाला स्वतःचा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. म्हणून ज्यांना गुलाबी नकोच असेल त्यांनीही टाकी रिकामी झाल्यावर पंप थोडा वेळ कोरडा चालवून त्यातलं पाणी बाहेर काढावं. गाळणीची वाटी उघडून तीही रिकामी करावी.

दुसऱ्या बाजूनं, नुसतं गुलाबी भरणाऱ्यांचं काय होतं? लाइनमध्ये पाणी शिल्लक असताना ते भरलं की पातळ होतं. नळातून फिक्कट गुलाबी येतं आणि माणूस खूश होऊन नळ बंद करतो. लेबलवर जो उणे ४६ सेल्सियसचा आकडा असतो तो पाइप फुटण्याचा आहे, घट्ट होण्याचा नाही. नेहमीचं गुलाबी उणे १०–१२ च्या आसपासच भुग्यासारखं व्हायला लागतं, पण तो भुगा पाइप फोडत नाही. पाणी मिसळलं की हे सगळे आकडे वर सरकतात. म्हणून आधी हवा, मग गुलाबी. हवा मारल्यावर गुलाबी कमी लागतं आणि गडद राहतं. वसंतात धुवायलाही तितकंच कमी. दादांचा चहा वाचेल.

आता सगळ्यात दुर्लक्षित जागा. पंपानं ओढलेलं गुलाबी नळांपर्यंत पोचतं, पण बाहेरच्या तोंडापर्यंतचा पाइपचा तुकडा त्याच्या वाटेवर नसतो. पंप बंद कर, आतला एखादा नळ उघडून दाब उतरव. बाहेरच्या तोंडात रबराच्या कड्यात बसवलेली वाटीसारखी बारीक जाळी दिसेल. ती पातळ पकडीनं अलगद ओढून काढ. आत मधोमध प्लॅस्टिकची छोटी पिन दिसते, ती बोथट टोकानं आत दाब. आधी पाणी, मग गुलाबी बाहेर येतं. चेहरा समोर ठेवू नकोस. आणि पूर्ण दाब असताना दाबू नकोस, आतली रबरी कडी जागेवरून उडते आणि मग ते तोंड कायमचं ठिबकत राहतं. जाळी धुऊन परत बसव.

सोय म्हणून मी केलेली एकच गोष्ट सांगते, तिला पैसाही लागत नाही. प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांडीला रंगीत टेप. उन्हाळ्यात ज्या दिशेला असायला हवी तिथे पाइपवर हिरवी खूण, थंडीत जिकडे हवी तिकडे निळी. आणि कपाटाच्या दाराच्या आतून एक कागद, त्यावर क्रम. मधल्या महिन्यांत कोणालाही काही आठवत नाही, मलाही नाही.

---

प्रेषक: ट्रेलरवाले काका

ताईंचं म्हणणं मान्य. हवा आधी, गुलाबी नंतर. कॉम्प्रेसरवाल्यांनी आणि मी आता एकमेकांशी बोलायला हरकत नाही.

गीझरबद्दल मात्र खबरदारी सांगायची राहिली, आणि ती चेष्टेची नाही. विजेची कॉइल आणि गॅस दोन्ही बंद करायचे, तेही काही तास आधी. रिकाम्या टाकीत कॉइल चालू राहिली तर मिनिटांत जळते. पाणी गार झालं की आतला गरम नळ उघडून दाब उतरव, मगच खालचा प्लग काढ. गरम आणि दाबाखाली असलेला प्लग काढणं म्हणजे अंगावर उकळतं पाणी घेणं. प्लग निघाला की वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघड, हवा आत जाते आणि पाणी भसाभस येतं.

इथेही लोक सोयीच्या नादात प्लगच्या जागी बॉल व्हॉल्व्ह लावतात. थांब. टाकी पोलादाची असेल तर तो प्लग म्हणजेच अॅनोडची कांडी. ती झिजते म्हणून टाकी गंजत नाही. व्हॉल्व्ह लावलास तर अॅनोड गेला. टाकी अॅल्युमिनियमची असेल तर प्लग साधा प्लॅस्टिकचा असतो. तिथे पितळी काही बसवलं की दोन धातूंच्या संगतीनं आटे खराब होतात. तेव्हा गीझरला हात लावू नको, फक्त योग्य मापाचा पाना तिथेच ठेव. सबर्बन कंपनीच्या गीझरच्या अॅनोडला एक पूर्णांक एक सोळांश इंचाचा लागतो, तो घरच्या पान्यांच्या डब्यात सहसा नसतो.

---

प्रेषक: नवा सभासद

काका, ताई, दादा, खूप आभार. टॉर्च घेऊन बघितलं. तीन तोंडांचा व्हॉल्व्ह खरंच आधीपासून आहे! नळी गुंडाळून बाकाच्या मागे खोचलेली होती. बिजागरी बसवून झाली. सौ.नं विक्रीचा विषय तूर्त मागे घेतलाय.

दोनच शंका. बाहेर आणखी एक तोंड आहे, त्यावर संडासाची टाकी धुण्याचं लिहिलंय. त्याचं काय? आणि बेसिनखाली फिल्टर आहे, त्यातून गुलाबी जाऊ दिलं तर चालेल का?

---

प्रेषक: ताई

फिल्टर आधी काढ. कार्ट्रिज फेकून दे, भांडं रिकामं करून परत बसव किंवा बायपासची नळी जोड. कार्ट्रिजमधून गुलाबी नेलंस तर वसंतात ते चव सोडत बसेल.

टाकी धुण्याची लाइन अगदी स्वतंत्र असते. पंपाचा तिच्याशी संबंध नाही, त्यामुळे तिच्यात गुलाबी कधीच पोचत नाही. भिंतीआड ती वर चढून पाणी उलटं येऊ न देणाऱ्या एका प्लॅस्टिकच्या डबीतून खाली उतरते. पाणी राहतं ते तिथे, आणि फुटते तीही तीच. कॉम्प्रेसर आणलाच आहेस तर त्या तोंडाला कमी दाबानं हवा मार, पण आधी संडासाच्या टाकीचा निचरा उघडून. बंद टाकीत हवा भरायची नाही.

बेसिन आणि शॉवरखालच्या वाकड्या पाइपांत प्रत्येकी कपभर गुलाबी ओत, संडासात थोडं जास्त, म्हणजे तिथली रबरी सीलही ओली राहते. वसंतात लाइन स्वच्छ वाहू लागली की पिण्याच्या टाकीत दर ५७ लिटरला साधारण ६० मिली साधं, विनासुगंध ब्लीच घाल. सगळ्या नळांतून वास येईपर्यंत फिरव, काही तास ठेव आणि वास जाईपर्यंत धू. त्या वेळी बायपास बंद करून गीझर परत लाइनला जोडायच्या आधी लाइन धुऊन घे, नाहीतर गुलाबी गीझरमध्ये जाईल.

ता.क. कॅन घेताना रंगावर जाऊ नकोस, लेबल वाच. प्रॉपिलीन ग्लायकॉल लिहिलेलं हवं. स्वस्तातल्या काही गुलाबी द्रवांत इथेनॉल असतं, ते रबरी सील कोरड्या करतं आणि पेटही घेतं. गाडीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते पिण्याच्या लाइनमध्ये थेंबभरही नको.